पंचगंगा घाटावरील दीपोत्सव आणि हौशी छायाचित्रकार

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे हजारो पणत्या लावल्या जातात. शंकराने त्रिपुरासुराचा वध केला तो हा दिवस. २०२४ साली तो १५ नोव्हेंबरला आला, २०२५ साली ५ नोव्हेंबरला. पायऱ्या आणि देवळे उजळतात, मधल्या जागेत रांगोळ्या काढलेल्या असतात. उजाडले की सारे संपते, रांगोळी तर पायांखालीच पुसली जाते. त्या वर्षी ती कशी होती हे सांगायला उरतात हौशी मंडळींनी काढलेले फोटो.

ही मंडळी अंधारातच येऊन ट्रायपॉड लावतात. फ्लॅश बंद ठेवतात, कारण त्याच्या पांढऱ्या झोतापुढे पणतीचा उजेड फिका पडतो. शटर दोन-तीन सेकंद उघडे ठेवले की पाण्यातले प्रतिबिंबही छान येते. माणसे मात्र पुसट होतात. आकाश निळे होऊ लागते ती थोडी मिनिटे सर्वांत मोलाची.

खरी अडचण पुढे येते. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की फाइलमधली तारीख-वेळेची मूळ नोंद निघून जाते. दहा वर्षांनी तो कुठल्या सालचा, कुणालाच सांगता येत नाही. आम्हा बँकवाल्यांना तर बिनतारखेचे व्हाउचर बघवत नाही! म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. साल, घाट आणि रांगोळीचा विषय सोबत लिहावा. बिरसा-बालाघाटकडच्या सभासदांनी कार्तिकी पौर्णिमेला काढलेले दिव्यांचे फोटोही मंडळाकडे असेच पाठवावेत.