कुलाब्यातील सूर्ययंत्र आणि कोळशाचा भाव

१८७८ साली मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून एक लहानसे इंग्रजी पुस्तक बाहेर पडले. त्याचा लेखक विल्यम ॲडम्स हा शास्त्रज्ञ नव्हता. मुंबईच्या उच्च न्यायालयात तो उपनिबंधक होता. सूर्याची उष्णता हा उष्ण देशांत इंधनाला पर्याय ठरू शकतो, असा त्या पुस्तकाचा मथळाच सांगत होता. कोळसा आणि तेल यांवाचून समाजाचा व्यवहार कसा चालवावा याविषयी आज जगभर जे संशोधन चालू आहे, त्याच्या पूर्वेतिहासात या पुस्तकाला मानाची जागा दिली पाहिजे. मुंबईच्या औद्योगिक जीवनाचा इतिहास सांगताना आपण दावरांची गिरणी सांगतो, बोरघाटातून चढलेली आगगाडी सांगतो. ॲडम्सचे नाव घेत नाही. मीही पंचवीस वर्षे इतिहास शिकविताना ते घेतले नाही, हे कबूल केले पाहिजे.

ॲडम्सची प्रेरणा फ्रान्सकडून आली होती. तूर नावाच्या नगरातील विद्यालयात ओग्युस्तँ मूशो हा गणिताचा शिक्षक होता. कोळसा एक दिवस संपणार आणि फ्रान्सच्या उद्योगांना दुसरी शक्ती शोधावी लागणार, या विचाराने त्याने १८६० साली प्रयोगांना आरंभ केला. शंकूच्या आकाराच्या धातूच्या आरशात ऊन गोळा करून त्यावर पाण्याची वाफ करावयाची, अशी त्याची युक्ती होती. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात तर त्याने आपले यंत्र शीतयंत्राला जोडून उन्हाच्या जोरावर बर्फ तयार करून दाखविले आणि सुवर्णपदक मिळविले. एका शाळामास्तराची ही करामत वाचताना माझ्यासारख्याची छाती थोडी फुगते, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

मूशोचे आरसे मात्र महाग होते. त्यांवर चांदीचा मुलामा द्यावा लागे आणि तो लवकर काळवंडे. ॲडम्सने येथेच सुधारणा केली. वक्र धातूचा नाद सोडून त्याने साधे सपाट काचेचे आरसे घेतले आणि लाकडी चौकटीत असे बसविले, की प्रत्येकाचा कवडसा एकाच ठिकाणी पडावा. असे बहात्तर आरसे वीस फुटांवरच्या लक्ष्यावर रोखले असता बाराशे अंश फॅरनहाइटच्याही वर उष्णता निर्माण होते, असे त्याला आढळले. बॉयलर एका जागी उभा ठेवावा आणि सूर्य जसा सरकेल तसे आरसे फिरवावेत, ही त्याची योजना होती. आज वाळवंटांत जे सौरमनोरे उभे आहेत, त्यांचे मूळ तत्त्व हेच. मध्य कुलाब्यातील आपल्या बंगल्याच्या आवारात त्याने अशा रीतीने एक वाफेचा पंप पंधरा दिवस चालवून लोकांना दाखविला.

त्याने एक सूर्यचूलही केली होती. लाकडी अष्टकोनी पेटी, आठ आरसे आणि मध्ये काचेखाली भांडे. मुंबईच्या थंडीत, म्हणजे जानेवारीत, तिच्यावर सात शिपायांचे मांस व भाजी दोन तासांत शिजल्याची नोंद आहे. ही नोंद वाचून मला आमच्या घरची सौरपेटी आठवली. माझ्या लहानपणी, १९८० नंतरच्या दशकात, सरकारी सवलतीत मिळालेली ती पेटी गच्चीवर असे. तिच्यात डाळ सुरेख शिजे, भाताची शिते मोकळी होत. परंतु पोळी भाजता येत नसे, आणि आमचे शाळेचे डबे सकाळी सात वाजता भरावे लागत. दोन पावसाळ्यांनंतर आईने तिच्यात लोणच्याच्या बरण्या ठेवावयास सुरुवात केली. यंत्रात दोष नव्हता. सूर्याचे वेळापत्रक आणि घराचे वेळापत्रक यांचा मेळ बसला नाही. ॲडम्सच्या शिपायांना बहुधा दुपारी जेवावयाचे होते.

मग एवढे यश पदरात असता हे संशोधन पुढे का सरकले नाही? याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही, जमाखर्चाच्या वहीत सापडते. मूशोने ज्या १८६० साली काम हाती घेतले, त्याच वर्षी फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात व्यापारी तह होऊन इंग्रजी कोळशाचा मार्ग सुकर झाला. आगगाड्यांनी त्याची वाहतूक स्वस्त केली. पुढे १८८१ च्या सुमारास माँपेलिए येथे या यंत्राची शासकीय परीक्षा झाली आणि निकाल प्रतिकूल लागला. सरकारचा आश्रय आटला. मूशोचे अखेरचे दिवस दारिद्र्यात गेले. तो १९१२ साली वारला.

परंतु तो निकाल नीट वाचला पाहिजे. समशीतोष्ण हवेत सूर्य पुरेसा सलग मिळत नाही, एवढेच परीक्षकांनी ठामपणे म्हटले होते. कोरड्या व उष्ण देशांत त्याची उपयुक्तता तेथील इंधनाच्या दुर्मिळतेवर अवलंबून राहील, अशी पुस्ती त्यांनी जोडली होती. जगाने पहिले वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे सोडून दिले. युरोपच्या हवेत आणि युरोपच्या भावाने केलेला हिशेब साऱ्या पृथ्वीचा हिशेब ठरला. ॲडम्सने आपल्या मथळ्यातच 'उष्ण देशांत' हे शब्द घातले होते, ते उगाच नव्हेत. ज्या मुंबईत तो बसला होता तेथे इंग्लंडचा कोळसा जहाजाने येत असे. त्याच्या वहीतील आकडे पॅरिसच्या वहीतील आकड्यांहून निराळे असणे क्रमप्राप्तच होते. तरीही मुंबईच्या गिरण्या कोळशावरच चालत राहिल्या. त्यांना दुसरा मोठा पर्याय मिळाला तो १९१५ साली, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून. आणि तो पाण्याचा होता, उन्हाचा नव्हे.

येथे एक नामसादृश्य सांगण्यासारखे आहे. १८७६ साली लंडनमध्ये आणखी एका विल्यम ॲडम्सने, म्हणजे प्राध्यापक विल्यम ग्रिल्स ॲडम्सने, रिचर्ड डे या आपल्या शिष्याच्या साहाय्याने एक शोध लावला : सेलेनियम या द्रव्यावर प्रकाश पडला असता त्यातून विजेचा प्रवाह निघतो. मुंबईचा ॲडम्स उन्हातील उष्णतेच्या मागे होता, लंडनचा प्रकाशाच्या. त्या क्षीण प्रवाहाने त्या काळी एक पंपही चालला नसता. पण आज आपल्या गच्च्यांवर दिसणारे निळे पट हे त्याच वाटेने आले आहेत.

त्यांचा निकालही अखेर भावानेच लागला. आमच्या मध्य प्रदेशातील रेवा येथील ७५० मेगावॉटच्या सौरप्रकल्पाचा लिलाव फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला. पहिल्या वर्षासाठी युनिटला २ रुपये ९७ पैसे असा दर निघाला. कोळशाच्या नव्या केंद्रांची वीज या दरात मिळणे कठीण होते. माँपेलिएच्या परीक्षकांनी जोडलेली पुस्ती सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी विंध्याच्या पठारावर खरी ठरली. देशातील निम्म्याहून अधिक वीज मात्र अद्यापि कोळशाचीच आहे. दिवे लागणीला, म्हणजे घरोघर विजेची मागणी चढते त्याच वेळी, सूर्य मावळलेला असतो. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत साठवून ठेवण्याचा खर्च किती, या हिशेबावर आता संशोधकांची दृष्टी खिळली आहे. आमच्या आईच्या सौरपेटीपुढे हाच प्रश्न होता; तिचे डबे तेवढे सकाळी सातचे होते.