रतिसुखाचा वाद : वात्स्यायनापासून मुंबईच्या नियतकालिकांपर्यंत

स्त्रीला संभोगातून मिळणारे सुख पुरुषाच्या सुखासारखेच असते की निराळे, ते एकाच प्रकारचे असते की अनेक, आणि पुरुषाप्रमाणे त्यालाही शेवटचे टोक असते की नाही, हे प्रश्न पाश्चात्त्य लैंगिकविज्ञानाने प्रथम उपस्थित केले असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक भारतीय कामशास्त्रातील त्यांची चर्चा सुमारे सतरा शतकांइतकी जुनी आहे, आणि तिचे वैशिष्ट्य असे की ती उपदेशाच्या नव्हे तर वादाच्या स्वरूपात मांडलेली आहे. या वादाचा पुढील प्रवास सरळ प्रगतीचा नाही. मधल्या काळात तो कोष्टकांत गोठला, छापखान्याच्या युगात मुंबईत पुन्हा जागा झाला आणि तेथेच दोन अगदी भिन्न प्रकृतीच्या नियतकालिकांतून चालू राहिला. कोणत्या काळात कोणते उत्तर दिले गेले यापेक्षा ते उत्तर कोणाच्या साक्षीवर आधारलेले होते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

वात्स्यायनाचे ‘कामसूत्र’ सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपासचे मानले जाते. त्याच्या सात अधिकरणांपैकी दुसरे ‘सांप्रयोगिक’ म्हणजे प्रत्यक्ष समागमाविषयीचे असून, त्याच्या आरंभी स्त्रीपुरुषांचे वर्गीकरण प्रमाण, काल आणि भाव या तीन कसोट्यांवर केलेले आहे. शरीरावयवांच्या मापावरून पुरुषाचे शश, वृष व अश्व आणि स्त्रीचे मृगी, वडवा व हस्तिनी असे भेद पडतात. कालावरून शीघ्र, मध्यम व चिर, तर वेगाच्या तीव्रतेवरून मंद, मध्यम व चंड असे भेद होतात. ग्रंथाची लोकांतली ख्याती बहुतांशी अशा याद्यांवर पोसलेली आहे. परंतु काल या कसोटीपाशी येताच ग्रंथकाराला एक अडचण जाणवते. पुरुषाचा काल स्खलनाने मोजता येईल, पण स्त्रीचा कशाने मोजायचा? तिला तसा शेवट असतो की नाही, हेच आधी ठरवावे लागते, आणि येथून पुढचा भाग ग्रंथातला सर्वांत बुद्धिमान भाग आहे.

प्रथम औद्दालकी या पूर्वाचार्याचे मत येते. स्त्रीला पुरुषासारखा ‘भाव’, म्हणजे रतीची परिणती, प्राप्त होत नाही. पुरुषामुळे तिची कंडूती, म्हणजे अंगातील एक प्रकारची खाज, शमते आणि त्याला चुंबन-आलिंगनादींच्या मानसिक सुखाची जोड मिळून एक वेगळाच रस उत्पन्न होतो, त्यालाच ती सुख समजते, असे त्याचे म्हणणे. यावर लगेच आक्षेप येतो : स्त्रिया दीर्घकाळ टिकणाऱ्या पुरुषावर अनुरक्त होतात आणि लवकर आटोपणाऱ्यावर नाराज होतात, हेच त्यांना भावाची प्राप्ती होते किंवा होत नाही याचे लक्षण नव्हे काय? त्याला उत्तर असे, की खाजेचे शमनही दीर्घकाळ चालले तर प्रियच वाटते, तेव्हा हे लक्षण संदिग्ध आहे आणि संदिग्ध लक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसऱ्याच्या अनुभवाविषयी अनुमान करताना कोणता पुरावा ग्राह्य धरावा, याची इतकी काटेकोर तपासणी नंतरच्या रतिग्रंथांत क्वचितच सापडते.

दुसरे मत बाभ्रव्य या पूर्वाचार्याच्या अनुयायांचे. पुरुषाला सुख केवळ अंती मिळते, तर स्त्रीला ते आरंभापासून अखंड मिळत राहते, असे ते मानतात आणि आधार म्हणून सांगतात की स्त्रीला भाव प्राप्त झाल्यावाचून गर्भधारणाच होणार नाही. गर्भधारणेसाठी स्त्रीचे सुख आवश्यक मानणारी समजूत गेलेनपासून चालत आलेल्या युरोपीय वैद्यकातही दीर्घकाळ होती. ती शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीची असली तरी तिच्यामुळे स्त्रीसुखाला निदान प्रयोजन तरी मिळत होते. सुख अखंड असेल तर आरंभी स्त्री उदासीन आणि नंतर आवेगी का दिसते, या शंकेवर कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त दिला आहे : चाक फिरतच असते, मात्र प्रारंभी त्याचा वेग मंद असतो आणि हळूहळू तो पूर्णत्वास पोचतो.

वात्स्यायनाचा स्वतःचा निर्णय शेवटी येतो. स्त्री व पुरुष एकाच जातीचे आहेत आणि एकाच प्रयोजनासाठी प्रवृत्त झालेले आहेत, त्यामुळे त्यांच्या कार्याचे फळ भिन्न असण्याचे कारण नाही. दोघांच्या साधनांत व भूमिकांत फरक असतो, एकाला आपण कर्ता आहोत असे वाटते आणि दुसरीला आपण आधार आहोत असे वाटते, परंतु तेवढ्याने फळात फरक पडत नाही; दोन मेंढ्यांची टक्कर झाली किंवा दोन मल्ल भिडले म्हणजे आघात दोघांनाही सारखाच बसतो. या सिद्धान्तातून त्याने व्यवहाराचा नियम काढला तो असा, की स्त्रीला आधी तृप्ती मिळेल अशा रीतीने तिच्याशी वागावे. निष्कर्ष उदार आहे; तरी त्याची पद्धत शुद्ध तर्काची आहे, हे नजरेआड करता येत नाही. पाटलिपुत्राच्या गणिकांच्या विनंतीवरून दत्तक या पूर्वाचार्याने एक अधिकरण स्वतंत्रपणे रचल्याचे हाच ग्रंथ सांगतो, स्त्रियांना या विद्येचे प्रत्यक्ष ज्ञान असते हेही मान्य करतो, आणि तरीही त्यांच्या सुखाविषयीच्या या वादात एकाही स्त्रीचे मत नोंदवत नाही.

निरीक्षणाची बाजू ‘पुरुषायित’, म्हणजे स्त्रीने पुरुषाची भूमिका घेणे, या प्रकरणाच्या परिसरात सापडते. अंग शिथिल होणे, डोळे मिटणे, लज्जा सुटणे ही तृप्तीची लक्षणे तेथे दिलेली असून, सुवर्णनाभ या आचार्याच्या नावावर एक सूक्ष्म सूचना नोंदलेली आहे : ज्या ठिकाणी स्पर्श झाला असता स्त्रीची दृष्टी फिरते, तेथेच दाब द्यावा. सुखाचे स्थान आधीच ठरवून न ठेवता त्या त्या स्त्रीच्या प्रतिसादावरून ते शोधण्याची ही दृष्टी पुढच्या कित्येक जाड ग्रंथांपेक्षा शहाणी म्हटली पाहिजे.

सुखाचे प्रकार मानण्याची परंपराही येथूनच सुरू होते. वात्स्यायन प्रीतीचे चार प्रकार सांगतो : सवयीतून उत्पन्न होणारी ती आभ्यासिकी, जिचे उदाहरण म्हणून मृगया दिली आहे, पूर्वी सवय नसताना केवळ संकल्पातून, म्हणजे मनाच्या कल्पनेतून, उपजणारी ती आभिमानिकी, एका व्यक्तीच्या ठिकाणी दुसरीची भावना केल्याने होणारी ती संप्रत्ययात्मिका, आणि इंद्रियांच्या विषयांपासून थेट मिळणारी ती विषयात्मिका. यांपैकी दुसरा प्रकार आजच्या वाचकाचे लक्ष वेधून घेतो, कारण १९९२ मध्ये बेव्हर्ली व्हिपल, जीना ऑग्डेन आणि बॅरी कोमिसारुक या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही स्त्रियांना कोणत्याही स्पर्शावाचून, निव्वळ कल्पनेने परमोच्च कामसुख मिळाले आणि त्या वेळी हृदयगती, रक्तदाब व वेदना सहन करण्याची मर्यादा यांत मोजता येण्याजोगी वाढ झाली. मात्र यावरून प्राचीनांना सारे ठाऊक होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. आभिमानिकी प्रीतीत वात्स्यायनाला मुख्यतः चुंबनादींचा आनंद अभिप्रेत होता, शरीराची परिणती नव्हे.

महाराष्ट्राचा उल्लेख या ग्रंथात देशोदेशींच्या रुचींच्या संदर्भात येतो. महाराष्ट्रातील स्त्रियांना चौसष्ट कलांच्या सगळ्याच प्रयोगांची आवड असून शय्येवर त्यांना ग्राम्य व कठोर बोलणे प्रिय असते आणि त्या स्वतः जोमाने पुढाकार घेतात, असे वात्स्यायन नोंदवतो. असली प्रादेशिक विधाने इतिहासाचा पुरावा म्हणून कवडीमोलाची असतात, परंतु मराठी संस्कृतीच्या सोवळेपणाचे दाखले प्राचीन काळात शोधणाऱ्यांना ती अडचणीची वाटावीत.

यानंतरच्या ग्रंथांत वाद संपतो आणि वर्गीकरण उरते. ‘कोकशास्त्र’ या नावाने लोकप्रिय झालेल्या कोक्कोकाच्या ‘रतिरहस्या’त पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी व हस्तिनी असे स्त्रियांचे चार वर्ग येतात आणि ‘चंद्रकला’ नावाची कल्पना विस्ताराने मांडली जाते. तिच्यानुसार तिथी बदलेल तसा काम स्त्रीच्या शरीरात पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत चढतो व उतरतो, आणि त्या त्या तिथीला त्या त्या जागी स्पर्श करावयाचा असतो. संपूर्ण शरीर सुखक्षम मानणारी ही कल्पना मोहक आहे खरी, पण सुवर्णनाभाने जेथे नजर पाहण्यास सांगितले होते तेथे आता पंचांग आले. शरीररचनेचे ज्ञान मात्र या काळात काहीसे वाढलेले दिसते. योनिमुखाच्या वरच्या बाजूस असलेल्या ज्या अवयवाला आज शिश्निका म्हणतात, त्याला मदनाचे छत्र अशा अर्थाचे नाव संस्कृत रतिशास्त्रात मिळाले. सोळाव्या शतकात कल्याणमल्लाने लोदी घराण्यातील लाडखानासाठी ‘अनंगरंग’ लिहिला, तो दांपत्यातील कंटाळा हा विषय धरून. एकाच पत्नीच्या सहवासात विविधता कशी आणावी, हे त्याचे प्रयोजन होते.

‘कामसूत्रा’चे पुनरुज्जीवन घडले ते या ‘अनंगरंगा’मुळेच. त्याच्या भाषांतराच्या वेळी वात्स्यायनाचे उल्लेख वारंवार येऊ लागले, तेव्हा मूळ ग्रंथाचा शोध सुरू झाला. मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी फॉस्टर फिट्झजेराल्ड आर्बथनॉट, मुंबईचे पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी आणि त्यांचे सहकारी शिवराम परशुराम भिडे यांनी ते काम पुढे नेले. मुंबईत मिळालेली प्रत सदोष असल्याने काशी, कलकत्ता व जयपूर येथील प्रती मागवून पाठ जुळवण्यात आला. रिचर्ड बर्टन यांच्या नावाने ओळखले जाणारे इंग्रजी भाषांतर १८८३ मध्ये खाजगी वितरणासाठी निघाले आणि भिडे यांचे नाव त्या कीर्तीत जवळजवळ पुसले गेले. यशोधराच्या ‘जयमंगला’ टीकेसह संस्कृत संहिता १८९१ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने पंडित दुर्गाप्रसाद यांच्या संपादनाखाली छापली.

याच सुमारास युरोपात हा प्रश्न वैद्यांच्या हाती जात होता. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये असे मत मांडले की मुलीच्या वाढीत सुखाचे केंद्र शिश्निकेकडून योनीकडे सरकले पाहिजे; त्यातून शिश्निकेचे सुख अपरिपक्व आणि योनीचे सुख परिपक्व अशी श्रेणी तयार झाली. औद्दालकीचे मत निदान खंडनासाठी मांडले गेले होते, ही श्रेणी मात्र कित्येक दशके निदान म्हणून वापरली गेली आणि असंख्य निरोगी स्त्रिया स्वतःला सदोष समजत राहिल्या.

मराठीत हा विषय ग्रंथालयातून घराघरात आणला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते; १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये सुरू केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९५३ मधील मृत्यूपर्यंत चालवले. त्यांचे वेगळेपण संततिनियमनाच्या पुरस्कारात नव्हते, कारण त्या काळात ना. सी. फडके यांच्यासारखे लेखकही सुप्रजननाच्या, म्हणजे वंशसुधारणेच्या, भूमिकेतून त्याचा पुरस्कार करत होते. कर्वे यांनी संततीचा प्रश्न बाजूला सारून कामसुखाला स्वतंत्र मूल्य दिले आणि त्यावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क सांगितला. गांधीजी कृत्रिम साधनांऐवजी ब्रह्मचर्याचा आग्रह धरत होते, त्या काळात हे बोलणे सनातन्यांइतकेच सुधारकांनाही रुचणारे नव्हते. १९३४ मध्ये ‘आधुनिक कामशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला. खटल्याचा विषय कथा किंवा चित्र नव्हता, तर प्रश्नोत्तरे होती, याला महत्त्व आहे. शास्त्रकारांनी ज्यांच्याविषयी शतकानुशतके अनुमाने केली, ती माणसे आता स्वतः प्रश्न लिहून पाठवू लागली होती.

त्याच १९३४ साली त्याच शहरातून डॉ. ए. पी. पिल्ले यांचे ‘मॅरेज हायजीन’ हे इंग्रजी नियतकालिक निघू लागले, जे दुसऱ्या महायुद्धानंतर ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सेक्सॉलॉजी’ या नावाने ओळखले गेले. कर्वे यांचा वाचक सामान्य मराठी माणूस होता. पिल्ले यांचे लेखक व वाचक जगभरचे डॉक्टर होते, आणि स्त्रीच्या परमोच्च सुखाविषयी, त्यातही योनी आणि शिश्निका यांच्या श्रेष्ठत्वाविषयी, १९५० च्या सुमारास या नियतकालिकाच्या पानांवर बराच वाद झडला. १९५० मध्येच त्यात एर्न्स्ट ग्रेफेनबर्ग यांचा एक छोटा लेख आला. बर्लिनमधील हे ज्यू स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भनिरोधक रिंगसाठी प्रसिद्ध होते, नाझींच्या तुरुंगातून सुटून ते अमेरिकेत आले होते. योनीच्या पुढील भिंतीवर, मूत्रमार्गाला लागून, एक संवेदनशील पट्टा आढळतो, असे त्यांनी या लेखात नोंदवले.

सुमारे तीस वर्षे या लेखाकडे फारसे कोणी पाहिले नाही. मधल्या काळात १९५३ मध्ये आल्फ्रेड किन्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार अमेरिकन स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध केला आणि १९६६ मध्ये विल्यम मास्टर्स व व्हर्जिनिया जॉन्सन यांनी प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून दाखवले की उत्तेजन कोठूनही मिळाले तरी शरीराची परिणती एकाच प्रकारची असते. फ्रॉइडची श्रेणी त्यामुळे कोसळली. पुढे १९८१-८२ मध्ये व्हिपल व जॉन पेरी यांनी ग्रेफेनबर्ग यांच्या नावावरून ‘जी-स्पॉट’ ही संज्ञा रूढ केली, आणि मासिके व दुकाने यांनी त्या बिंदूचा असा काही गाजावाजा केला की जुनीच श्रेणी नव्या नावाने परत आली. यात ग्रेफेनबर्ग यांच्यावर थोडा अन्यायच झाला. एका बिंदूला ज्यांचे नाव मिळाले, त्यांनी मुंबईत छापलेल्या त्याच लेखात स्त्रीच्या शरीराचा जवळजवळ कोणताही भाग कामसुखाला प्रतिसाद देऊ शकतो, असेही लिहून ठेवले होते. ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद हेलन ओ’कॉनेल यांनी १९९८ मध्ये विच्छेदनातून दाखवले की शिश्निकेचा बाहेर दिसणारा भाग केवळ टोक असून तिचे मूळ अंग मूत्रमार्ग व योनी यांच्या दोन्ही बाजूंना खोलवर पसरलेले आहे. ग्रेफेनबर्ग यांचा पट्टा याच अंगाच्या लगत येतो, त्यामुळे तेथे स्वतंत्र अवयव शोधण्याची गरज बहुतेक शरीरशास्त्रज्ञांना आता वाटत नाही. उत्तेजनाच्या वाटा वेगळ्या असताना अनुभवही वेगळा असतो काय, यावर मात्र संशोधकांत अजून एकमत झालेले नाही.