राहदारीपासून उत्प्रवासापर्यंत : हसनाबादच्या वाहनचालकाचा परवाना

‘रहदारी’ हा शब्द आजचा मराठी वाचक रस्त्यावरील वाहनांच्या ये-जा या अर्थाने वापरतो. मूळ फारसी ‘राहदारी’ या शब्दाचा आशय याहून निराळा होता. वाट अडवून धरणाऱ्या सत्तेस द्यावयाचा कर, आणि तो दिल्यावर हाती पडणारा जाण्याचा परवाना, असे दोन्ही अर्थ त्यात सामावलेले होते. मराठीत कर गेला, परवाना गेला व केवळ वाहतूक उरली. उर्दूत मात्र ‘परवाना-ए-राहदारी’ हा प्रयोग थेट पासपोर्टासाठी टिकून राहिला. निजामी राज्याने 1884 मध्ये दरबारी भाषा म्हणून फारसीच्या जागी उर्दूचा स्वीकार केला. त्यामुळे मराठवाड्यातील कुणब्याच्या बोलीत एक अर्थ आणि कचेरीतील कागदावर दुसरा अर्थ, अशी या शब्दाची दुहेरी वस्ती बराच काळ राहिली असावी, असे मानण्यास जागा आहे. दूरच्या वाटेवर गाडी हाकणाऱ्या माणसाला परवानगी कोणाची लागते, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच दडलेला आहे.

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे गाव 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि 1 मे 1981 रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा काढण्यात आला. दख्खनमध्ये आगगाडी येण्यापूर्वी लांब पल्ल्याचा धान्यव्यापार बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चालत असे. सैन्याच्या रसदीसाठी राजसत्ता त्यांना अभयपत्रे देत. म्हणजे मुलूख ओलांडून माल नेणाऱ्यास सत्तेचा कागद जवळ बाळगावा लागणे, ही मोटारीच्या युगाची निर्मिती नव्हे.

समुद्रापलीकडे मजुरीस जाण्याचा इतिहास कोकण व देश यांच्या बाबतीत पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मराठी भाषक मॉरिशसला गेले, त्यांचे वंशज आज तेथे एक ओळखता येणारा समाज म्हणून नांदत आहेत. करारपत्राचे ‘अॅग्रीमेंट’ हे नाव मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले, आणि गिरमिट्या हे त्या मजुराचेच नाव बनले. ही करारबद्ध भरती 1917 मध्ये थांबली. पुढे 1922 च्या उत्प्रवास कायद्याने मजुरीसाठी होणारे देशांतर सरकारी देखरेखीखाली आणले. त्या कायद्याची व्याख्या मात्र ‘ब्रिटिश इंडियामधून समुद्रमार्गे होणारे प्रस्थान’ एवढ्यापुरती होती. हसनाबादचा माणूस निजामाचा प्रजाजन. परदेशी जाताना त्याची कायदेशीर ओळख ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ अशी होई. पण बोटीत चढण्याचे बंदर ब्रिटिश हद्दीत असल्याने त्याची सुटका तेथेही नव्हती.

प्रकरणास खरे वळण मिळाले ते 1967 साली. पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी आहे, ही जुनी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात फेटाळली व परदेशगमनाचा हक्क घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत असल्याचे सांगितले. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. 1978 च्या मनेका गांधी निकालाने हे तत्त्व अधिक दृढ केले. या दोन्ही खटल्यांतील अर्जदार मजूर नव्हते, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. 1973 च्या तेलदरवाढीनंतर आखाती देशांकडे निघालेल्या गवंडी-सुतार-चालकांच्या रांगेस न्यायालयाने घोषित केलेले स्वातंत्र्य कितपत लागू पडते, याचे उत्तर 1983 च्या उत्प्रवास कायद्याने दिले.

या कायद्यातील ‘काम’ या संज्ञेची व्याख्या अभ्यासकाने अवश्य वाचावी. अकुशल श्रम, घरकाम, उपाहारगृहातील नोकरी यांच्या जोडीस तिच्यात ट्रकचालकाचा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याच्या भाषेत एखाद्या धंद्याचे नाव असे उघडपणे यावे, ही क्वचित घडणारी गोष्ट होय. ‘समुद्रमार्गे’ हे बंधन या वेळी गळून पडले, कारण माणसे आता विमानाने जात होती. कलम 22 अन्वये उत्प्रवासी-संरक्षकाच्या अनुज्ञेवाचून प्रस्थान निषिद्ध ठरले. आणि कामगारांची भरती करणाऱ्यास नोंदणीपत्र सक्तीचे झाले.

परंतु ही अनुज्ञा सर्वांस लागत नाही. दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टावर ती अट नसते. त्याहून कमी शिकलेल्यास, अधिसूचित अशा अठरा देशांत नोकरीसाठी जावयाचे असल्यास, ती घ्यावी लागते. सौदी अरेबिया, कुवेत, ओमान हे त्या अठरांपैकी. आता दुसऱ्या कायद्याकडे पाहावे. मोटारवाहन नियमांनुसार मालवाहू वाहन चालविण्यासाठी 2019 पर्यंत आठवीची अट होती, तीही त्या वर्षी काढून टाकण्यात आली. म्हणजे ज्या माणसाच्या हाती देशातील महामार्गावर अवजड ट्रक सोपविण्यास राज्याची हरकत नाही, तोच माणूस स्वतःच्या करारनाम्याचा अर्थ समजून घेण्यास असमर्थ आहे असे गृहीत धरले जाते. यातील पहिला परवाना त्याच्या कौशल्याचा, तर दुसरा त्याच्या शाळेचा. गावाजवळ शाळा केव्हा आली, यावर तो अवलंबून. आणि मराठवाड्यात ती पुष्कळ उशिरा आली. मौज अशी की, तीन वर्षे परदेशी राहून आलेल्यास सूट मिळते. परदेशवासाचा अनुभव त्या ठिकाणी दहावीच्या प्रमाणपत्राची जागा घेतो.

तथापि ही तरतूद निव्वळ जाचक ठरविणेही न्याय्य होणार नाही. अनुज्ञेबरोबर करारनाम्याची तपासणी होते आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचे दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. आखातात पोचल्यावर चालकास ‘इकामा’ म्हणजे निवासपत्र काढावे लागते, तेथील वाहनपरवानाही मिळवावा लागतो. भारतातून नेलेला आंतरराष्ट्रीय परवाना पाहुण्यासाठी असतो, नोकरासाठी नव्हे. त्याचा जामीनदार-मालक ‘कफील’. हा शब्द निजामी अदालतीच्या उर्दूत जामीनदार या अर्थाने रूढ होता. तेथे कफील कर्जदारासाठी स्वतः बांधला जाई. येथे कफीलामुळे कामगारच बांधला जातो. अशा स्थितीत मूळ देशातील कोणा अधिकाऱ्याने कागद वाचून पाहिलेला असणे, ही लहान गोष्ट नव्हे.

म्हणूनच, अनुज्ञेचा वळसा चुकविण्यासाठी दलाल भेटीचा व्हिसा हाती देऊन चालकास विमानात बसवितो, तेव्हा हानी दुहेरी होते. कागदोपत्री असा माणूस पाहुणा म्हणून गेलेला असतो. त्याचा वेतनकरार कोठेही नोंदलेला नसतो, आणि वेतन थकले असता दाद मागण्यासाठी दाखवावयास त्याच्याजवळ त्या व्हिसाखेरीज काही राहत नाही.