मालवण किनाऱ्यावरील लोखंडी सामानाची दुकाने : एक मागोवा

मालवण, वेंगुर्ले, देवगड या बंदरांच्या बाजारपेठांत आज ज्या दुकानांवर ‘हार्डवेअर’ अशी पाटी दिसते, त्यांना मागील पिढीतील माणसे ‘लोखंडी सामानाचे दुकान’ म्हणत. खिळे, बिजागऱ्या, कडी-कोयंडे यांच्या जोडीला तेथे रहाटाचे सामान, काथ्याचे दोर, कंदील, कोयते, कुदळी, पहारी, डांबर आणि चुन्यात मिसळावयाची नीळही मिळे. किल्ल्यांचे, देवालयांचे, घराण्यांचे इतिहास लिहिले गेले. या दुकानांच्या वाट्याला तो मान आला नाही. त्यांच्या जुन्या वह्या वाळवीने तरी खाल्ल्या किंवा दुकान नवे करताना रद्दीत तरी गेल्या. तेव्हा हा इतिहास वाचावयाचा तो किनाऱ्यावरील घरांवरूनच. महानगरांत एका छताखाली घराचे सर्व सामान विकणारी भव्य दालने उभी राहिल्यापासून बाजारपेठेतील या दुकानांचे पुढे काय होणार, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांत वारंवार निघतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही दुकाने मुळात कशाच्या आधारावर उभी राहिली, हे पाहणे अगत्याचे आहे.

या भागातील जुने घर जांभ्या चिऱ्याचे. बांधकामाला शिंपल्यांचा भाजलेला चुना, वाशांना आईन, किंजळ, फणस किंवा भेरली माड आणि वर नळीची कौले. लाकडाचे सांधे लाकडी खुंट्यांनीच बसविले जात. अशा घराला लोखंड लागे ते अगदी थोडे, आणि तेवढे गावचा लोहार घडवून देई. धातूचा मोठा वापर पाहावयाचा तर तो शिवरायांच्या जलदुर्गात. १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग उभारताना पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले गेले, असे परंपरेने सांगितले जाते. सामान्य रयतेच्या घरात मात्र धातू दाराच्या कडीपुरताच होता.

हे चित्र पालटले ते कौलामुळे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढील काही दशकांत मंगळुरी कौल गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे पसरले. नळीचे कौल हाताच्या अंदाजाने रचता येते. मंगळुरी कौल मात्र साच्याचे, त्याची खोबण रिपेवर नेमकी बसावी लागते. म्हणून रिपा सारख्या मापाच्या आणि सारख्या अंतरावर हव्या, आणि त्या वाशांवर ठोकावयाच्या तर खिळे हवेत, तेही शेकड्यांनी. साच्यातून निघालेल्या एका कौलाने लोहाराच्या भात्यावरचे काम दुकानाच्या फळीवर आणून ठेवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा माल येई मुंबईहून. नागदेवीची हत्यारे, कर्नाक बंदरचे लोखंड, लोहार चाळीतील दिव्याबत्तीचे सामान हे सारे बोटीने निघे. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे व माल होड्यांतून उतरविला जाई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. घाटांतून कोल्हापूर-बेळगावशी संबंध होता, परंतु आषाढातील घाटवाटेचा भरवसा कोण देणार? म्हणजे वैशाखातच पावसाळ्याचा सारा माल भरून ठेवणे आले. ज्याच्यापाशी कोठार आणि सहा महिने अडकवून ठेवता येईल असे भांडवल आहे, त्यानेच हा व्यवसाय करावा, अशी ही परिस्थिती होती. कोकणातील वैश्यवाणी, बोहरी आणि घाटमाथ्यावरून व गुजरात-राजस्थानातून आलेली व्यापारी कुटुंबे या धंद्यात पडली ती याच कारणाने. व्यापारासाठी किनाऱ्यावर येणे ही काही अर्वाचीन गोष्ट नव्हे. वाघोटन खाडीच्या वरच्या अंगाला असलेले खारेपाटण हे शिलाहारकालीन ठाणे, आणि दक्षिण कोकणातील एकमेव जैन मंदिर म्हणून त्या गावाची नोंद १८८० च्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्ये झालेली आहे. व्यापाराची वाट आणि मंदिराची वाट बहुधा एकच असते.

भांडवल दुकानदाराचे, पण विक्री उधारीची. या मुलखातील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत. गावच्या घराचा खर्च मनीऑर्डरीवर. मे महिन्यात कौले परतावयाची, तेव्हा सामान न्यावयाचे. चतुर्थीला चाकरमानी गावी आला की हिशेब मिटवावयाचा. गणपतीपूर्वी घराला रंग हवा, माटवीला नवा खिळा हवा, म्हणून श्रावणात दुकानात पुन्हा गर्दी. दुकानाचे वर्ष या दोन हंगामांत विभागलेले असे आणि त्या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे खतावणीचे पान. कोणाचे पैसे चतुर्थीला येतात, कोणाचे शिमग्याला, कोणत्या घरी यंदा मृत्यू झाल्याने रंगकाम होणार नाही, हे दुकानदाराला ठाऊक असे. आजच्या भाषेत ज्याला ग्राहकांची माहिती म्हणतात आणि जिच्यासाठी मोठ्या कंपन्या अफाट खर्च करतात, ती येथे लाल कापडात बांधलेली पडून होती.

या नात्याची दुसरी बाजू नियंत्रणाच्या काळात दिसली. सिमेंटची किंमत आणि वाटप सरकारच्या हाती असताना परवान्याशिवाय गोणी मिळत नसे. सिमेंट वाटपाच्या वादातून १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, यावरून त्या गोणीचे मोल कळावे. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. टंचाईच्या त्या वर्षांत ज्यांनी ठरलेल्या भावाने व ठरलेल्या क्रमाने माल दिला त्यांची पत पुढील पिढीपर्यंत पुरली. ज्यांनी वेगळा मार्ग धरला, त्यांचीही आठवण गावाने ठेवली.

येथे धर्माचा विषय अप्रस्तुत ठरू नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे घेताना एक व देताना दुसरे माप वापरणे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे अस्सलात नकली मिसळणे, हे दोन जणू दुकानाच्या गल्ल्यावर बसूनच सांगितले आहेत. लोखंडी सामानाच्या धंद्याला याहून सूक्ष्म असाही एक प्रश्न आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात कुऱ्हाड, खणण्याची हत्यारे, साखळी यांसारखी साधने दुसऱ्यास देणे हे ‘हिंसादान’ म्हणून गणले आहे. तेथील रोख निष्प्रयोजन देण्यावर आहे, घर बांधणाऱ्याला कुदळ विकण्यावर नव्हे, असे समाधान करता येते. तरीही मासेमारीच्या किनाऱ्यावर दुकान मांडून जाळे आणि गळ फळीवर ठेवावयाचे की नाही, हा प्रश्न व्रती श्रावकाला टाळता येण्याजोगा नाही. विक्री वाढविण्यासाठी सारे काही एका छताखाली ठेवावे, या आधुनिक विचाराशी त्याचे मुळातच जुळत नाही.

मापांचीच गोष्ट निघाली आहे, तर एक गंमत नोंदवावी. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, त्याला कित्येक दशके उलटली. परंतु खिळा आजही दीड इंची, नळ अर्धा इंची, सळई तीन सुताची आणि वाळू ब्रासने.

आता त्या भव्य दालनांकडे वळू. त्यांचा जन्म अमेरिकेतला. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘होम डेपो’ या कंपनीने पुढील वर्षी अटलांटा शहरात पहिली दुकाने उघडली. तेथील घर बहुतांशी लाकडी चौकटीचे, लाकडाची मापे प्रमाणित, मजुरी महाग आणि घरमालकाच्या दारी मोटार व हाती करवत. शनिवारी सामान आणावे आणि रविवारी स्वतःच भिंत रंगवावी, या रिवाजावर ते दुकान उभे आहे. हाच नमुना चीनमध्ये नेला, तेव्हा तो रुजला नाही. २००६ मध्ये तेथील बारा दुकाने विकत घेऊन कंपनीने प्रवेश केला आणि २०१२ मध्ये उरलेली सातही बंद केली. चिनी गृहस्थ स्वतः करवत धरीत नव्हता. तो कारागीर बोलावीत होता.

भारतात फ्यूचर समूहाने २००७ साली नोएडा येथे ‘होमटाउन’ सुरू केले. पुढे तो समूह कर्जात बुडाला आणि त्याची किरकोळ विक्रीची मुख्य कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. स्वीडनच्या ‘आयकिया’ने २०१८ मध्ये हैदराबादला आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईतील तुर्भे येथे दालन उघडले, पण तेथे मुख्यतः तयार फर्निचर व गृहोपयोगी वस्तू मिळतात, आढ्याचा वासा किंवा पाण्याच्या टाकीचा वॉल्व्ह नव्हे. २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुविध मालाच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मुभा दिली, तेव्हा देशभर व्यापाऱ्यांनी आंदोलने केली. महाराष्ट्र संमती देणाऱ्या राज्यांत होता. मूळ अट मात्र अशी होती की, अशी दुकाने दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांतच निघावीत. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेआठ लाख, तीही २००१ पेक्षा कमी झालेली. आणि मालवण शहराची तर वीस हजारांच्या आतच. पुढील वर्षी ती अट शिथिल झाली, तरी हे गणित बदलले नाही. परकीय भव्य दुकान मालवणच्या बाजारपेठेत येईल ही भीती त्या काळीही अनाठायीच होती.

मोठेपणा आला तो दुसऱ्या दाराने. ज्या कंपन्यांचा माल दुकानदार विकत होता, त्यांचा हातच लांब झाला. यातील विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे, कारण त्यांतील काही कंपन्या मोठ्या झाल्या त्या गावोगावच्या लहान दुकानांच्याच जिवावर. १९४२ मध्ये चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघा मित्रांनी मुंबईत ‘एशियन पेंट्स’ सुरू केली, तेव्हा शहरातील विक्रेते परदेशी कंपन्यांनी बांधलेले होते. म्हणून ही मंडळी लहान डबे घेऊन लहान गावांकडे वळली आणि १९६७ पर्यंत देशातील सर्वांत मोठी रंग कंपनी झाली. महुवा येथील जैन कुटुंबात जन्मलेले बलवंत पारेख यांनी १९५९ मध्ये ‘फेविकॉल’ आणले, ते थेट सुतारांपर्यंत नेले. पुढे रंग मिसळणारे यंत्र दुकानात आले आणि शेकडो छटा एका टेबलावर मावल्या. पण छटा ठरविणारे पुस्तक कंपनीचे, दर कंपनीचा, आणि रंगाऱ्याचा दूरध्वनी क्रमांकही कंपनीपाशी. २०१७ च्या जुलैपासून वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याच्या सीमेवरील विक्रीकराचा अडसर गेला, आणि गोवा, बेळगाव व कोल्हापूरचा माल ठेकेदार थेट मागवू लागला. नळाची तोटी तर भ्रमणध्वनीवरून घरपोच येते.

याहून मोठा बदल घरातच झाला. कौलारू घराच्या जागी काँक्रीटचे छप्पर आले. प्रत्येक कौलारू घराचे दुखणे निराळे असे आणि ते दुकानदाराला माहीत असे. काँक्रीटचे घर मालवणात बांधले काय किंवा पुण्यात बांधले काय, यादी एकच. दुकानदाराचे विशेष ज्ञान कमी लागले, म्हणूनच त्याच्या जागी दुसरा कोणीही चालू लागला. भव्य दालनांपेक्षा या सारखेपणाने या धंद्याचे अधिक नुकसान केले आहे.

तरीही ते ज्ञान निरुपयोगी झालेले नाही. खाऱ्या वाऱ्यात साधा खिळा दोन पावसाळ्यांत फुगतो आणि लाकूड फोडतो. साध्या स्टेनलेस स्टीलवरही समुद्राकाठी तांबूस डाग धरतात. तेथे मॉलिब्डेनम असलेले ३१६ प्रतीचे पोलाद, पितळ किंवा जाड जस्ताचा मुलामा हवा. तारकर्ली, देवबाग येथे पर्यटकांसाठी खोल्या बांधणाऱ्यांनी शहरातून आणलेल्या चकचकीत बिजागऱ्या थोड्याच काळात बदलाव्या लागणे, हे येथील सुतारांना नवे नाही. होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल का लावतात, हे कोणत्याही दालनातील गणवेशधारी विक्रेता सांगू शकणार नाही.

अर्थात जुन्या दुकानाचे गुणगान करताना त्याचे दोष झाकणे न्याय्य नव्हे. भाव माणूस पाहून सांगणे, पक्के बिल मागणाऱ्याकडे संशयाने पाहणे, मिस्त्रीला दलाली देऊन ती गिऱ्हाइकाच्या यादीत जिरविणे, स्त्री एकटी आली तर ‘मालकांना पाठवा’ म्हणणे, या सवयी अनेक दुकानांत होत्या आणि काही ठिकाणी अद्याप आहेत. भव्य दालनात वस्तूवर किंमत लिहिलेली असते. तरुण गिऱ्हाइकाला तेवढ्यानेच हायसे वाटते. पंधरवड्यापूर्वी नेलेली वस्तू परत घेतली जाते, हेही त्याने तेथे पाहिलेले असते. हीनाधिकमानोन्मानाचा अर्थ केवळ तराजूपुरता घ्यावयाचा की दोन गिऱ्हाइकांना सांगितलेल्या दोन भावांनाही तो लागू करावयाचा, याचा विचार या व्यवसायातील श्रावकांनी केला पाहिजे.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. मालवण, वेंगुर्ले, देवगड तालुक्यांत घरांची कौले व पत्रे उडाले, माड पडले, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. राज्यात त्या वेळी महामारीचे निर्बंध होते आणि पावसाळा तीन आठवड्यांवर आलेला. अशा वेळी यंत्रावर कार्ड चालत नाही आणि घरपोच माल आणणारी गाडी येत नाही. घर झाकावयाचे तर कौल, पत्रा, ताडपत्री, खिळा आणि दोर त्याच दिवशी, चालत जाण्याच्या अंतरावर आणि उधारीवर लागतो. हा माल वैशाखातच भरून ठेवण्याची जुनी चाल ज्या दुकानांनी मोडली नव्हती, त्यांच्यापाशीच तो असणे शक्य होते. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाल्यापासून आणि महामार्ग रुंदावल्यापासून इतका साठा कशाला, असे नवी पिढी विचारते. व्याजाचा हिशेब मांडला तर तिचे म्हणणे बरोबरही आहे. मात्र किनाऱ्याने २००९ चे फयान पाहिले, २०१९ चे क्यार पाहिले आणि मग तौक्ते. या वादळांचा खर्च त्या हिशेबात कोणत्या सदरात धरावयाचा, हे ठरल्याशिवाय कोठार रिकामे करण्याचा निर्णय कोणी घेऊ नये.