हृदय, यकृत आणि अवयवांची स्वायत्तता

मराठीतील ‘काळीज’ हा शब्द मोठा बोधक आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो यकृतवाचक संस्कृत ‘कालेय’ ह्या शब्दाशी जोडला जातो. खाटकाच्या दुकानातील ‘कलेजी’ आजही यकृतच होय. परंतु भयाने धडधडते ते काळीज मात्र हृदय असते. लोकभाषेने एकत्र आणलेल्या ह्या दोन अवयवांचा वैद्यकेतिहास परस्परांहून भिन्न दिसतो. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: अवयवाला स्वतःचे सामर्थ्य किती?

हृदयाबाबत हा प्रश्न प्रथम प्रयोगशाळेत विचारला गेला. १८६६ साली लाइपझिग येथे कार्ल लुडविगच्या प्रयोगशाळेत एली सिऑन ह्याने बेडकाचे हृदय शरीरापासून विलग करून, त्यातून द्रव प्रवाहित ठेवून चालते ठेवले. सस्तन प्राण्यांचे हृदय अधिक नाजूक. १८९५ साली ऑस्कर लांगेन्डॉर्फ ह्याने त्यावर साधा परंतु मर्मग्राही उपाय योजला. त्याने महारोहिणीत नळी बसवून रक्त उलट दिशेने सोडले. त्या दाबाने महारोहिणीची झडप मिटते, आणि रक्ताला हृदयाच्या स्नायूला पोसणाऱ्या रोहिण्यांखेरीज अन्य मार्ग उरत नाही. हृदयाच्या पोकळ्या रित्या असूनही ते ठोके देत राहिले. हृदयाचे पोषण त्याच्या पोकळ्यांतील रक्तावर नव्हे, तर ह्या रोहिण्यांवर अवलंबून असते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

ह्या दोन प्रयोगांच्या मधल्या काळातील सिडनी रिंगरची हकीकत संशोधकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. १८८२ साली लंडनमध्ये त्याने मिठाच्या द्रावणावर बेडकाचे हृदय चालविल्याचे प्रसिद्ध केले. पुढे त्याला कळले की, ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर शहराच्या नळाच्या पाण्यात केलेले होते. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय लवकरच थांबे. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हेच ठोक्यांचे कारण होते. १८८३ साली त्याने आपले पूर्वीचे मत जाहीरपणे दुरुस्त केले. चूक झाकली असती तर तिच्यात दडलेला शोधही झाकला गेला असता.

यकृताची कथा प्रयोगशाळेत नव्हे, तर शस्त्रक्रियागृहात घडली. अपघाताने यकृत फाटले असता होणाऱ्या रक्तस्रावावर ग्लासगोच्या जेम्स हॉगार्थ प्रिंगल ह्याने १९०८ साली, यकृतात रक्त आणणाऱ्या वाहिन्या तात्पुरत्या दाबून धरण्याची युक्ती सांगितली. त्याचे रुग्ण वाचले नाहीत. युक्ती मात्र टिकली. त्यानंतर दीर्घकाळ, यकृताला इजा झाल्यास उदर उघडावे हाच दंडक राहिला. परंतु उदर उघडल्यावर अनेकदा रक्तस्राव आपोआप थांबलेला आढळे. उलट गोठलेले रक्त हलविल्याने तो पुन्हा सुरू होण्याची भीती असे. १९६८ साली टोरांटो येथील कामावर आधारलेल्या लेखात उपाध्याय व सिम्प्सन यांनी मुलांच्या प्लीहेच्या इजांबाबत शस्त्रक्रियेवाचून उपचारांचा पुरस्कार केला. १९७० नंतरच्या दशकात संगणकीय छेदचित्रणाची पद्धत आल्यावर, उदर न उघडताच इजेचे स्वरूप पाहणे शक्य झाले, आणि १९८० नंतर यकृताबाबतही हा विचार दृढ झाला.

मात्र शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे उपचार टाळणे नव्हे. रुग्णाचा रक्तदाब स्थिर असला पाहिजे, उदरावरणाच्या दाहाची चिन्हे नसली पाहिजेत, अहोरात्र देखरेख हवी आणि गरज पडताच शस्त्रक्रिया करण्याची सिद्धता हवी. रक्तस्राव करणारी रोहिणी क्वचित नलिकेद्वारे आतूनच बंद करावी लागते. बोथट आघाताने झालेल्या यकृताच्या इजांपैकी बहुसंख्य आज ह्याच मार्गाने बऱ्या होतात. रक्तदाब ढासळत असलेल्या रुग्णाला मात्र शस्त्रक्रियाच तारते.

पुढे ह्या दोन कथा एकत्र आल्या. २०१४ साली सिडनी येथे, रक्ताभिसरण थांबून मृत्यू पावलेल्या दात्यांची हृदये यंत्रात पुन्हा चालती करून त्यांचे प्रतिरोपण करण्यात आले. आणि त्या यंत्रातही रक्त महारोहिणीतून, लांगेन्डॉर्फच्या रीतीनेच, हृदयाला पुरविले जाते. यकृतही आता शरीराच्या तपमानात असेच जिवंत ठेवून पारखता येते. अवयवाला योग्य परिस्थिती द्यावी, त्याचे कार्य सावधपणे पाहावे आणि हात कधी घालावा ह्याचा निर्णय त्यावरून करावा, हाच दोन्ही इतिहासांचा निष्कर्ष होय.