झोन हीटिंग: रिले आणि सेन्सरने घरचा बॉयलर कसा चालवायचा?

नोकरीसाठी इंग्लंडला आलो तेव्हा बॉयलर म्हणजे आपल्या गिझरचा मोठा भाऊ असेल, असं मला वाटलं होतं. पण इथे हाच बॉयलर अख्खं घर गरम ठेवतो. गॅसवर पाणी तापतं आणि पंप ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो. माझ्या घरात दोन झोन आहेत, वरचा मजला आणि खालचा मजला. प्रत्येक झोनच्या पाइपवर मोटरवर चालणारा एक व्हॉल्व्ह असतो. या रचनेला इथे 'एस प्लॅन' म्हणतात. हे सगळं मोबाईलवरून चालवायचं मी ठरवलं.

आधी मूळ वायरिंग समजून घ्या

व्हॉल्व्हला पाच वायर असतात: ब्राऊन मोटरची, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंगची, आणि करडी व नारिंगी आतल्या छोट्या स्विचच्या. थर्मोस्टॅटने ब्राऊन वायरला 230 व्होल्ट दिले की व्हॉल्व्ह उघडतो. तो उघडला की आतला स्विच करडी आणि नारिंगी जोडतो, आणि मगच बॉयलर व पंपाला सिग्नल जातो. म्हणजे पाण्याला वाट मिळाल्याशिवाय बॉयलर पेटत नाही. हा क्रम कधीही मोडू नका. रिले थेट बॉयलरला न जोडता थर्मोस्टॅटच्या वाटेवरच बसवा.

रिले आणि सेन्सर

मी ईएसपी32 बोर्ड वापरला. रिलेच्या 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' टर्मिनलना वायर जोडल्या, म्हणजे बोर्डाची वीज गेली तर हीटिंग बंदच राहतं. प्रत्येक झोनमध्ये डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर आहे. त्याला तीन वायर: 3.3 व्होल्ट, ग्राउंड आणि डेटा. डेटा आणि 3.3 व्होल्टच्या मध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर लागतो. प्रत्येक सेन्सरचा पत्ता वेगळा असल्याने एकाच डेटा वायरवर अनेक सेन्सर चालतात.

माझी चूक

जानेवारीत आई-बाबा आले होते, वरच्या खोलीत झोपले होते. पहाटे साडेतीनला आईने हाक मारली, "अरे, खोलीची भट्टी झालीय!" मोबाईल उघडला तर वरच्या खोलीचं तापमान उणे 127 अंश! सेन्सरची वायर निसटली होती. सेन्सर सापडला नाही की लायब्ररी हाच आकडा देते. माझ्या कोडमध्ये एकच अट होती: तापमान 19 पेक्षा कमी असेल तर रिले चालू. बॉयलर बिचारा रात्रभर राबत होता. चूक सर्वस्वी माझी.

आता पाळतो ते नियम

1. उणे 127 आणि 85 हे आकडे बाद. सेन्सर नुकताच चालू झाला असेल आणि मोजणी व्हायची असेल तर 85 येतो.
2. पाच मिनिटं नीट रीडिंग आलं नाही तर त्या झोनचा रिले बंद.
3. 18.5 ला चालू, 19.5 ला बंद. मध्ये अंतर नसेल तर रिले सारखा टकटक करत राहतो.
4. निर्णय बोर्ड घेतो, मोबाईल नाही. वायफाय गेलं तरी काम चालू राहतं.
5. जुना थर्मोस्टॅट काढला नाही. तो रिलेच्या सिरीजमध्ये 22 वर ठेवलाय. कोड पुन्हा गंडला तरी तो वाट तोडतो.

हात लावण्याआधी

थर्मोस्टॅट बंद म्हणजे वीज बंद, असं समजू नका. करड्या वायरमध्ये वीज कायम असते, आणि दुसरा झोन चालू असेल तर नारिंगीतही येते. हीटिंगचा मुख्य स्विच बंद करून टेस्टरने तपासा. काही बॉयलरच्या कंट्रोल टर्मिनलना 230 व्होल्ट चालतच नाहीत, दिले तर बोर्ड जळतो. त्यामुळे मॅन्युअल वाचा. 230 व्होल्टची जोडणी मी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली, तुम्हीही तेच करा.

आता असा कोड लिहिताना मी आधी 'बंद कधी करायचं' ते लिहितो, 'चालू कधी करायचं' ते नंतर.