तळटीप : कुणाल कामरा प्रकरण

* ग्रंथकर्त्याने वरणगावच्या वर्णनाच्या ओघात ज्या ‘गाण्यावरून झालेल्या दंग्या’चा निर्देश केला आहे, तो विनोदकार कुणाल कामरा यांच्यासंबंधीचा होय. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे नाव न घेता, एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर कामरा यांनी रचलेले विडंबन प्रसृत होताच, २३ मार्च २०२५ च्या रात्री शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खार येथील ‘हॅबिटॅट’ या प्रयोगस्थळाची मोडतोड केली. दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक तेथील बांधकाम पाडावयास हजर झाले. आणि खार ठाण्यात दाखल झालेल्या फिर्यादींपैकी एक तर आपल्या जळगावची होती. २५ एप्रिल रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कामरा यांच्या अटकेस मनाई केली. अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अखत्यार सरकारच्याच तथ्यशोधन कक्षास देणारा नियम, याच गृहस्थांच्या व इतरांच्या अर्जांवरून, त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरविला होता. तोडफोडीच्या गदारोळात या कामगिरीचे स्मरण फारसे कोणास राहिले नाही, याचे प्रस्तुत संपादकास मनस्वी दुःख वाटते. — सं.